अमेरिकेतलं पहिलं वर्ष: विमा, दवाखाना आणि बिलांची फाईल

५ मे २०२५ ला आम्ही तिघं पुण्याहून न्यू जर्सीत आलो. १२ मेला मी कामावर रुजू झाले आणि त्याच आठवड्यात एचआरची ईमेल आली: ३० दिवसांत आरोग्य विम्याचा प्लॅन निवडा, नाहीतर पुढची संधी थेट नोव्हेंबरात. सोबत साठेक पानांची पुस्तिका. पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यातलं निम्मं कळलं नाही आणि मनापासून भीती वाटली. आज ती पुस्तिका ज्यांच्यासमोर उघडी असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय, जसं घडत गेलं त्या क्रमाने.

आमची पहिली चुकीची समजूत तारखेची होती. विमा रुजू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आमचा १ जूनपासून लागू होणार होता. काही कंपन्या पहिल्या दिवसापासून देतात, काही पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, आणि कायद्याने जास्तीत जास्त ९० दिवस थांबवता येतं. म्हणून ऑफर लेटर हातात पडताच एचआरला विचारून घ्या की कव्हरेज कोणत्या तारखेपासून आहे आणि नवरा-बायको, मुलं यांचंही त्याच तारखेपासून आहे का. मधल्या दिवसांसाठी भारतातून निघण्याआधीच परदेश प्रवासाचा वैद्यकीय विमा घेऊन ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, हातात यायचा होता म्हणून आम्ही चार दिवस उगाच थांबलो. नोंदणी त्यासाठी अडली नाही, नंबर नंतर भरता आला.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मेडिक्लेम म्हणजे बहुतेक वेळा दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडणारी गोष्ट. साध्या तापाला आपण खिशातून पैसे देतो आणि विसरून जातो. इथे सर्दी-खोकल्यापासून ऑपरेशनपर्यंत सगळं विम्यातून जातं, पण विमा पहिल्या डॉलरपासून पैसे देत नाही. वर्षाला एक ठरावीक रक्कम आधी तुमच्या खिशातून जावी लागते, तिला डिडक्टिबल म्हणतात. ती भरून झाली की पुढच्या खर्चाचा ठरावीक टक्का तुमचा आणि बाकी विमा कंपनीचा. आमच्या प्लॅनमध्ये आमचा वाटा २० टक्के. हा कोइन्शुरन्स. डॉक्टरांच्या साध्या भेटीला दरवेळी द्यायची ठरावीक रक्कम म्हणजे कोपे. आणि वर्षभरात नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी दर ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या, उपचारांसाठी तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल त्याची मर्यादा म्हणजे आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. ती गाठली की उरलेल्या वर्षाचा नेटवर्कमधला सगळा खर्च विमा कंपनीचा. २०२५ साठी कायद्याने ही मर्यादा एका व्यक्तीला ९,२०० डॉलर आणि कुटुंबाला १८,४०० डॉलरच्या वर नेता येत नव्हती. प्रीमियम यात धरत नाहीत. पुस्तिकेत सगळ्यात आधी हा आकडा शोधा. घरात कोणाला मोठा आजार झाला तर वाईटात वाईट किती, ते तोच सांगतो, आणि आमची भीती निम्मी त्या आकड्यानेच उतरली.

आमच्यासमोर दोन प्लॅन होते. पहिला पीपीओ: महिन्याचा प्रीमियम ४२० डॉलर, डिडक्टिबल माणशी १,००० आणि कुटुंबाचं २,०००. दुसरा हाय डिडक्टिबल प्लॅन: प्रीमियम २३०, डिडक्टिबल पूर्ण कुटुंबाचं मिळून ४,०००, आणि माझी कंपनी वर्षाला १,००० डॉलर एचएसए नावाच्या बचत खात्यात टाकणार. एचएसएमधले पैसे करमुक्त असतात, वैद्यकीय खर्चासाठी वापरता येतात आणि वर्षअखेरीला बुडत नाहीत. नोकरी बदलली तरी खातं तुमचंच राहतं.

बहुतेक जण वर्षाचा हिशोब मांडून दुसरा घ्यायला सांगतात, आणि बारा महिन्यांसाठी तो सल्ला बरोबरही होता: प्रीमियमची बचत २,२८० आणि कंपनीचे १,०००, म्हणजे ३,२८० डॉलर हातात. डिडक्टिबलमधला फरक जास्तीत जास्त ३,०००, तोही सगळा खर्च एकाच माणसाचा झाला तर. पण आम्ही जूनमध्ये शिरत होतो. उरलेले सात महिने. प्रीमियमची बचत १,३३०, कंपनीचे पैसे त्याच प्रमाणात कमी होऊन साधारण ५८३. मिळून १,९१३ डॉलर. डिडक्टिबल मात्र सात महिन्यांसाठी कमी होत नाही, ते पूर्णच्या पूर्ण राहतं आणि १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं. वर्षाच्या मधे येणाऱ्याने हे गणित स्वतःच्या महिन्यांवर मांडावं. आम्ही पीपीओ घेतला. दुसऱ्या प्लॅनमध्ये आणखी एक बारीक गोष्ट होती, जी एचआरला विचारल्यावरच कळली: कुटुंबाचं ४,००० एकत्र भरल्याशिवाय कोणा एकासाठीही विमा सुरू होत नव्हता. काही प्लॅनमध्ये माणशी वेगळी मर्यादा आत बसवलेली असते, काहींत नसते. "एका माणसाचा खर्च झाला तर विमा कधी सुरू होतो?" असं सरळ विचारा.

एचएमओ, ईपीओ ही नावंही दिसतील. एचएमओमध्ये आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं आणि त्यांची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, घेऊनच तज्ज्ञाकडे. ईपीओमध्ये चिठ्ठी बहुधा लागत नाही, पण नेटवर्कबाहेर तातडीच्या उपचाराखेरीज काही मिळत नाही. पीपीओ बाहेरही थोडं देतो, पण त्याचं डिडक्टिबल वेगळं आणि मोठं असतं.

कार्ड दहा दिवसांनी पोस्टाने आलं. ॲपमध्ये ते आधीच दिसत होतं आणि सगळीकडे तेवढं पुरतं. कार्ड आल्यावर नावं अक्षर न् अक्षर तपासा. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, आणि ते कुठे पहिल्या नावाला चिकटतं, कुठे गळून पडतं. माझ्या मुलाच्या कार्डावर त्याच्या नावापुढे बापाचं नाव जोडून एकच लांब शब्द झाला होता. दवाखान्याच्या नोंदीत वेगळं नाव आणि विम्यात वेगळं, असं झालं की क्लेम परत येतो. एचआरला लिहून नाव दुरुस्त करायला दोन आठवडे लागले, पण ते आजारपणाच्या आधी झालं हे बरं. जन्मतारखेचंही तसंच. इथे आधी महिना, मग दिवस. प्रत्येक फोनवर नाव आणि जन्मतारीख विचारतात, ती त्याच क्रमाने सांगायची सवय लावून घ्या.

मग डॉक्टर शोधणं. विमा कंपनीच्या वेबसाइटवरच्या यादीतले पहिले तीन डॉक्टर नवीन पेशंट घेत नव्हते आणि चौथे तिथून कधीच सोडून गेले होते. यादी ही फक्त सुरुवात असते, फोन करावाच लागतो. फोनवर "तुम्ही अमुक विमा घेता का?" असं विचारू नका. या प्रश्नाला नेटवर्कबाहेरचा दवाखानाही हो म्हणतो, कारण तो क्लेम पाठवायला तयार असतो. कार्डावर प्लॅनचं जे पूर्ण नाव छापलंय ते वाचून दाखवा आणि विचारा, "या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये तुम्ही आहात का, आणि नवीन पेशंट घेताय का?" ९ जूनला फोन केला तेव्हा माझ्यासाठी २९ जुलैची वेळ मिळाली. सात आठवडे. मुलांच्या डॉक्टरांकडे नऊ दिवसांत. काही दुखत नसताना ही पहिली भेट उरकून घ्या, कारण एकदा त्यांच्या नोंदीत तुमचं नाव आलं की पुढे आजारपणात दोन-तीन दिवसांत वेळ मिळते.

मुलाची भेट लवकर हवी होती ती शाळेसाठी. इथे शाळेत घालताना डॉक्टरांनी भरलेला तपासणीचा फॉर्म आणि लसींची नोंद लागते. आपली लसींची पुस्तिका घेऊन गेलो आणि तिथे दोन अडचणी आल्या. पहिली तारखांची. पुस्तिकेत ०७/०३/२०२० लिहिलं होतं. आपल्याला ती ७ मार्च, इथल्या नर्सला ३ जुलै. अशी एक तारीख जरी उलटी चढली तरी दोन डोसांमधलं अंतर चुकतं आणि डोस मोजलाच जात नाही. निघण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत यादी करून घ्या, महिना अक्षरात लिहून, सही-शिक्क्यासकट. पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा निघालात की परत पुण्याला गेल्याशिवाय ते होत नाही.

दुसरी अडचण गोवराच्या लसीची. आपल्याकडे पहिला डोस ९ महिन्यांना देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस शाळेसाठी धरत नाहीत. शिवाय सरकारी कार्यक्रमातली एमआर लस गोवर आणि रुबेलाची असते, गालगुंडाची नाही, आणि इथे एमएमआर मागतात. आमच्या मुलाचे ९ आणि १६ महिन्यांचे दोन्ही डोस एमआरचे होते, म्हणजे एक मोजला गेला आणि एमएमआरचा एक डोस द्यावा लागला. ज्यांच्या मुलांना खासगी डॉक्टरांकडे १५ महिन्यांना आणि चार-सहा वर्षांच्या दरम्यान एमएमआर झालंय त्यांना हा प्रश्न येऊ नये. लस नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे घेतली की एक पैसाही लागत नाही.

टीबीच्या तपासणीबद्दलही सांगायलाच हवं. भारतातून आलेल्या मुलांना आणि काही नोकऱ्यांत मोठ्यांनाही ती मागतात. आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुढच्या भेटी, नाहक काळजी. आधीच "बीसीजी झालेली आहे, रक्ताची चाचणी करा" असं सांगा. त्या चाचणीचं क्वांटिफेरॉन हे नाव इथे सगळ्यांना ठाऊक असतं. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

२९ जुलैला माझी वार्षिक तपासणी झाली. प्रतिबंधक तपासणी कायद्याने मोफत आहे: वर्षातून एकदा पूर्ण तपासणी, लसी, स्त्रियांसाठी मॅमोग्राम, पंचेचाळिशीनंतर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. मोफत या शब्दाला मात्र मर्यादा आहे. त्या भेटीत मी गुडघा दुखतो म्हणून विचारलं, डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, व्यायाम सांगितला. तीन आठवड्यांनी ३० डॉलरचं कोपेचं बिल आलं, कारण बिलात तपासणीच्या कोडबरोबर दुखण्याच्या तक्रारीसाठीच्या भेटीचा दुसरा कोड लागला होता. यात दवाखान्याची चूक नाही, नियमच तसा आहे. तरीही गुडघा दुखत असेल तर सांगाच, ते पैसे योग्य जागी गेले. फक्त बिल का आलं ते माहीत असू द्या. रक्त तपासणीचंही तसंच. आपल्याला फुल बॉडी चेकअपची सवय असते, म्हणून व्हिटॅमिन डी, बी १२, थायरॉइड सगळं मागून घेतो. यातलं बरंचसं प्रतिबंधक यादीत बसत नाही आणि डिडक्टिबलमध्ये जातं. "यातल्या कोणत्या चाचण्या प्रिव्हेंटिव्ह म्हणून जातील?" हा प्रश्न रक्त देण्याआधीचा. आणि नमुना कोणत्या लॅबकडे जातोय तेही विचारा. डॉक्टर नेटवर्कमध्ये आणि लॅब बाहेर, असं घडतं.

औषधांचं थोडक्यात. येताना तीन महिन्यांपुरती औषधं मूळ पाकिटात आणि इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह आणावीत. यादी करताना ब्रँड नाही, आतल्या औषधाचं नाव लिहा. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन नावाने मिळतं. काही औषधं इथे मंजूरच नाहीत: रक्तदाबाची सिल्निडिपिन, मधुमेहाची विल्डाग्लिप्टिन, दुखण्यावरची निमेसुलाइड. ही चालू असतील तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगा, म्हणजे साठा संपायच्या आत पर्याय बसवता येईल. प्रिस्क्रिप्शन कागदावर मिळत नाही, डॉक्टर ते थेट तुमच्या फार्मसीला पाठवतात, त्यामुळे जवळची फार्मसी आधी ठरवून ठेवा. तिथे किंमत जास्त वाटली तर विम्याशिवायची किंमत, कूपन लावून, विचारा. स्वस्त जेनेरिक गोळ्यांना ती कोपेपेक्षा कमी निघू शकते. "प्रायर ऑथोरायझेशन लागेल" असं फार्मसी म्हणाली तर औषध नाकारलेलं नसतं. डॉक्टरांनी विमा कंपनीला कारण कळवायचं बाकी असतं. डॉक्टरांच्या ऑफिसला त्याच दिवशी फोन करा आणि तीन दिवसांनी पुन्हा करा.

आता ज्यासाठी मी ही फाईल पुन्हा काढली ते. १४ सप्टेंबर, रविवार, रात्री नवऱ्याच्या पोटात उजव्या बाजूला असह्य दुखायला लागलं. तातडीच्या वेळी तीन दारं असतात. ताप, कान दुखणं, मुरगळणं, छोटी जखम यासाठी अर्जंट केअर: आमच्या प्लॅनमध्ये ५० डॉलर, तासाभरात काम होतं, बऱ्याच ठिकाणी एक्स-रे असतो. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास घेता न येणं यासाठी ९११ हा आणीबाणीचा नंबर, आणि तेव्हा खर्चाचा विचार करायचा नाही. मधल्या, न कळणाऱ्या गोष्टींसाठी कार्डाच्या मागे नर्सचा चोवीस तास चालणारा नंबर असतो. आम्ही तिथे फोन केला, नर्सने ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूमला, जा म्हणून सांगितलं. १९८६ च्या कायद्याप्रमाणे ईआरला पैसे किंवा विमा न बघता तुम्हाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं. आत सात तास गेले, त्यातले तीन वाट बघण्यात. सीटी स्कॅनमध्ये मुतखडा निघाला, पहाटे घरी आलो. उपचार चांगले झाले.

१० ऑक्टोबरला हॉस्पिटलचं बिल आलं: ४,८६५ डॉलर. लिफाफा उघडल्यावर आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. चेक लिहायलाच घेतला होता. तो लिहिला नाही ते एका सहकारी ताईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून: ईओबी आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

ईओबी म्हणजे विमा कंपनी प्रत्येक क्लेमनंतर पाठवते तो हिशोब. त्यावर "हे बिल नाही" असं लिहिलेलं असतं, म्हणून लोक तो फेकून देतात. खरं तर तुम्ही नक्की किती देणं लागता हे तोच कागद सांगतो. आमच्याकडे हा कागद आलाच नव्हता. विमा कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की क्लेम अडवून ठेवलाय, कारण "तुम्हाला दुसरा कोणता विमा आहे का?" या त्यांच्या पत्राला आम्ही उत्तर दिलं नव्हतं. पत्र २२ सप्टेंबरला आलं होतं, जाहिरात समजून बाजूला पडलं होतं. फोनवरच "दुसरा विमा नाही" असं नोंदवून घेतलं, दहा मिनिटं लागली. मग लगेच हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला फोन करून खातं ३० दिवस होल्डवर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवलं. नवरा-बायको दोघांकडेही नोकरीचा विमा असेल तर हे पत्र नक्कीच येतं. मुलं दोघांच्याही विम्यात असतील तर वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा विमा पहिला धरायची पद्धत आहे.

३ नोव्हेंबरला ईओबी आला. ओळीने वाचते. हॉस्पिटलने लावलेली रक्कम ४,८६५.००. विमा कंपनीशी ठरलेला दर, म्हणजे अलाउड अमाउंट, १,९१२.४०. मधले २,९५२.६० कोणीच कोणाला द्यायचे नाहीत, ते नेटवर्कमुळे गळून गेले. १,९१२.४० मधून नवऱ्याचं १,००० चं डिडक्टिबल आमचं. उरले ९१२.४०. त्याचे २० टक्के, १८२.४८, आमचे. ७२९.९२ विमा कंपनीने दिले. तळाशी "तुम्ही देणं लागता": १,१८२.४८. आधीच्या बिलाच्या पावपटीहूनही कमी.

पण ईआरच्या एका भेटीचं एकच बिल नसतं. आपल्याकडे डिस्चार्जच्या वेळी सगळं एका फाईलमध्ये येतं. इथे इमारतीचं वेगळं, ईआरच्या डॉक्टरांचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं, आणि ती तीन वेगवेगळ्या पत्त्यांवरून तीन वेगवेगळ्या आठवड्यांत येतात. डॉक्टरांचा ईओबी ६२ डॉलरचा आणि बिलही ६२ चं, ते भरलं. रेडिओलॉजिस्टचं बिल मात्र ६९० डॉलरचं, कारण तो गट आमच्या नेटवर्कबाहेरचा. ईओबीमध्ये आमचा वाटा २९ डॉलर दिसत होता. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्रायझेस ॲक्टप्रमाणे तातडीच्या उपचारात नेटवर्कबाहेरचा डॉक्टर आला तरी तुमच्याकडून नेटवर्कच्या दरानेच वाटा घ्यावा लागतो. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर किंवा लॅब बाहेरची असली तरी हेच. त्यांना फोन केला, कायद्याचं नाव घेतलं, ईओबीची प्रत पाठवली. बिल २९ वर आलं, पण त्यासाठी तीन फोन आणि पाच आठवडे गेले. एक भोक या कायद्यात राहिलंय: रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला तो लागू नाही, हवाई ॲम्ब्युलन्सला आहे.

फोनची एक शिस्त लावून घ्या. माझ्या वहीत प्रत्येक फोनला एक ओळ आहे: तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, रेफरन्स नंबर, काय ठरलं. रेफरन्स नंबर मागितल्याशिवाय देत नाहीत. तिसऱ्या फोनला "१४ नोव्हेंबरला अमुक नंबरवर हे ठरलं होतं" असं म्हणता आलं की बोलणं पहिल्यापासून सुरू होत नाही. हॉस्पिटल म्हणतं विमा कंपनीचं चुकलं आणि कंपनी म्हणते हॉस्पिटलचं, अशा वेळी कंपनीच्या माणसाला सांगा की हॉस्पिटललाही याच फोनवर घ्या. ते घेतात. बिल मोघम असेल तर कोडसकट तपशीलवार बिल मागा. क्लेम नाकारला तर पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करता येतं, ते फेटाळलं तर त्रयस्थ संस्थेकडून फेरतपासणी मागता येते. आणि ज्यांना रक्कम झेपतच नाही त्यांनी संकोच करू नये. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस त्यासाठी अर्ज करता येतो. "फायनॅन्शियल असिस्टन्सचा फॉर्म द्या" एवढंच म्हणायचं.

दात आणि डोळे या विम्यात नसतात, त्यांचे वेगळे छोटे प्लॅन घ्यावे लागतात. दातांच्या विम्यात मर्यादा विमा कंपनीने देण्याच्या रकमेवर असते, वर्षाला हजार ते दोन हजार डॉलर, त्यामुळे रूट कॅनाल आणि कॅप एकाच वर्षात आली तर ती संपते. बरेच जण मोठी कामं पुण्याच्या सुट्टीत करून घेतात.

आई-बाबा डिसेंबरात आले. आई-वडिलांना नोकरीच्या विम्यात सहसा घालता येत नाही, त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स. स्वस्त दिसणारे प्लॅन फिक्स्ड असतात: प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कम देतात आणि बाकी सगळं तुमच्यावर. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, महाग असला तरी. आधीपासूनच्या आजाराचे नेहमीचे उपचार त्यातही मिळत नाहीत, फक्त तो आजार अचानक बळावला तर, तेही वयाच्या आणि रकमेच्या अटींवर. बीपी-शुगर असलेल्या प्रत्येक घराने ते कलम फॉर्म भरायच्या आधी वाचावं. दवाखान्यात त्यांना इंग्रजी अडलं तर मराठी दुभाषा मागा. हॉस्पिटलांना तो फुकट द्यावा लागतो, बहुतेकदा फोनवर. बाबांच्या खोकल्याच्या वेळी आम्ही मागितला, आणि बाबा स्वतःच्या तोंडाने आपलं दुखणं सांगताना बघून मला फार बरं वाटलं.

नोव्हेंबरात पुन्हा प्लॅन निवडायची वेळ आली. या वेळी बारा महिने हातात होते, म्हणून गणित उलटलं आणि आम्ही हाय डिडक्टिबल प्लॅन आणि एचएसए घेतलं. २०२६ साठी कुटुंबाला त्यात ८,७५० डॉलरपर्यंत टाकता येतात, कंपनीचे धरून. दोन गोष्टी इथे चुकता चुकता राहिल्या. नेहमीचं एफएसए, म्हणजे नोकरीतून मिळणारं वैद्यकीय खर्चाचं दुसरं करमुक्त खातं, आणि एचएसए एकाच वेळी चालत नाही. आणि एचएसए उघडण्याच्या आधी झालेला खर्च त्यातून भरता येत नाही, म्हणजे सप्टेंबरच्या ईआरचे हप्ते जानेवारीतल्या एचएसएतून देणं नियमबाह्य ठरलं असतं. १ जानेवारीला कार्ड बदललं. ते डॉक्टर, फार्मसी, लॅब तिन्हीकडे स्वतः दाखवून या, नाहीतर क्लेम जुन्या प्लॅनला जाऊन परत येतात.

नवऱ्याचं डिडक्टिबल २०२५ मध्ये भरून झालं होतं, म्हणून मुतखड्यासाठी युरोलॉजिस्टची भेट आणि सोनोग्राफी आम्ही डिसेंबरातच उरकली, आमच्या वाट्याला फक्त २० टक्के आले. जानेवारीत गेलो असतो तर नव्या डिडक्टिबलमधून पूर्ण पैसे.

१,१८२.४८ चे हॉस्पिटलने बिनव्याजी सहा हप्ते करून दिले, दरमहा १९७.०८. मागितल्यावर लगेच दिले. शेवटचा हप्ता एप्रिल २०२६ मध्ये गेला. त्यानंतर शून्य बाकीचं पत्र मागून घेतलं आणि फाईलमध्ये ईओबीच्या मागे लावलं, कारण भरलेल्या बिलाचा तगादा दुसऱ्याच पत्त्यावरून पुन्हा येऊ शकतो, आणि तेव्हा हाच कागद दाखवायचा असतो.